इंजिनाची चूळ

कुणी म्हणजे कुणी खरं मानलं नाही हो चिंबूचं!

चिंबू म्हणजे इवलीशी चिंबोरी. बोटभर खेकडी. राहायची वाळूत, होडीजवळ. रोज होडी यायची. रोज चिंबूला कोळंबीचं डोकं मिळायचं.

आज होडी गेलीच नाही. कोळंबी नाही. चिंबू उपाशी!

होडीचं इंजिन करत होतं, खर्र खर्र... फुस्स!

चिंबूने डोळे टक्क वर काढले. आत काय वाजतंय? चढली वर. चाटून बघितलं. खारट!

"इंजिनाने चूळ भरली नाही!" चिंबू ओरडली.

होडीवाला पोशा नाखवा हसला. "चल गं टीचभर! कालच धुतलंय मी. चांगलं बालदीभर पाण्याने!"

मग चिंबूने इंजिनालाच विचारलं.

"इंजिनदादा, इंजिनदादा, चल ना!
होडी जाईना दूर,
चिंबू उपाशी!"

"खर्र खर्र! मी नाही चालणार. तोंडात मीठ. आधी पिंप मला गोडं पाणी देईल, मग मी चूळ भरीन."

चिंबू निघाली. तुरू तुरू, तिरपी तिरपी.

"पिंपोबा, पिंपोबा, पाणी द्या ना!
इंजिन भरेना चूळ,
होडी जाईना दूर,
चिंबू उपाशी!"

"ढुम्म! मी नाही देणार. पोट रिकामं. आधी बालदी मला भरेल."

चिंबू निघाली. तुरू तुरू, तिरपी तिरपी.

"बालदीताई, बालदीताई, पिंप भर ना!
पिंप देईना पाणी,
इंजिन भरेना चूळ,
होडी जाईना दूर,
चिंबू उपाशी!"

"खण्ण! मी नाही भरणार. गोड्या पाण्याची विहीर खोल. आधी दोर मला बांधेल."

चिंबू निघाली. तुरू तुरू, तिरपी तिरपी.

"दोरभाऊ, दोरभाऊ, बालदी बांध ना!
बालदी भरेना पिंप,
पिंप देईना पाणी,
इंजिन भरेना चूळ,
होडी जाईना दूर,
चिंबू उपाशी!"

"सळ्ळ! मी नाही बांधणार. माझ्यावर मांजर झोपलंय. आधी मनी उठेल."

चिंबू निघाली. तुरू तुरू, तिरपी तिरपी.

"मनीमावशी, मनीमावशी, ऊठ ना!
दोर बांधेना बालदी,
बालदी भरेना पिंप,
पिंप देईना पाणी,
इंजिन भरेना चूळ,
होडी जाईना दूर,
चिंबू उपाशी!"

"घुर्र घुर्र! मी नाही उठणार. आधी होडी मासळी आणेल."

होडी? चिंबूचे डोळे गरगर फिरले. "तू झोपलीस म्हणून तर होडी अडली!

अगं आळशे!" चिंबूने मनीचं शेपूट धरलं. कट्ट!

"म्यांऽऽव!" मनी उठली. दोर सुटला. दोराने बालदी बांधली.

आरडाओरडा ऐकून नाखव्याची बायको आली, हौसाबाय.

"काय गो चिंबू?"

"इंजिनाने चूळ भरली नाही!"

हौसाबायने इंजिनाला बोट लावलं. जिभेला लावलं. "शी! खारट ढोण!"

तिने बालदी विहिरीत सोडली. डुबुक! बालदीने पिंप भरलं. खळ्ळ खळ्ळ! पिंपाने इंजिनाला गोडं पाणी दिलं. इंजिनाने चूळ भरली. गुळ गुळ गुळ... पिच्च! मीठ बाहेर!

ढुक ढुक ढुक ढुक! होडी निघाली दूर. होडी आली भरून. मनीला मिळाला बोंबील. चिंबूला मिळालं कोळंबीचं डोकं. हे एवढं मोठं!

हौसाबायने कमरेवर हात ठेवले. "काय हो, काल धुतलं ना इंजिन? कुठल्या पाण्याने?"

नाखवा आभाळाकडे बघायला लागला. "विहीर लांब... आणि पाणी ते पाणीच ना!"

"खण्ण!" बालदी म्हणाली. "मला समुद्रात बुडवलं होतं!"

"अगं बाई! खाऱ्या तोंडाला खाऱ्या पाण्याची चूळ? चिंबू, सांग गो सगळ्यांना, कोण हा शहाणा?"

चिंबूने तोंडातलं डोकं खाली ठेवलं. नांगी रोखली.

"पोशा नाखवा!"