अमर गडी

"…मग माझं चुकलं कुठं, ते तरी सांगा."

हितेशने हे तिसऱ्यांदा विचारलं. जोमाबुवा मैदानावर पाणी शिंपडत होते. हातात पत्र्याचा डबा, डब्याच्या बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं. वयाची बहात्तर उलटलेली, गुडघे केव्हाच कामातून गेलेले; पण संध्याकाळी गडी उतरायच्या आत कबड्डीची माती ओली झालीच पाहिजे, आणि ते काम त्यांनी कधी दुसऱ्याला दिलं नाही.

"बुवा, मी तुमच्याशी बोलतोय."

"ऐकतोय ना. जरा बाजूला हो, तिथं पाणी मारायचंय."

हितेश बाजूला झाला. आताशा जो तो त्याला बाजूला हो म्हणत होता, आणि तो होत होता.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट वेगळी होती. तेव्हा एकोणीस वर्षांचा हितेश म्हात्रे लीगमध्ये उतरला आणि पहिल्याच मोसमात त्याने धुमाकूळ घातला. चढाईला जायचा, गडी बाद करायचा, आणि पकडायला आलेल्याच्या डोक्यावरून उडी मारून मध्यरेषा गाठायचा. गावाने मिरवणूक काढली. अलिबागपासून पेणपर्यंत नाक्यानाक्यावर त्याचे फलक लागले.

दुसऱ्या मोसमात ती उडी सगळ्यांना पाठ झाली. तिसऱ्यात तो राखीव. यंदा लिलावात त्याचं नाव पुकारलं, तर एकाही संघाने मान वर केली नाही. गावच्या नाक्यावरचा फलक मात्र अजून होता. उन्हाने त्याचं तोंड पांढरं पडलं होतं, आणि तो उतरवायची तसदीही कुणी घेतली नव्हती.

सोमवारी राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. तिथं नाव लागलं तर पुन्हा दार उघडणार. नाही लागलं, तर तेविसाव्या वर्षीच 'माजी खेळाडू'. एवढं डोक्यावर असताना माणसाची झोप उडायला हवी. याचं उलटंच झालं होतं. सकाळी उठावंसंच वाटायचं नाही. अंथरुणात पडल्या पडल्याच तो दमलेला असायचा.

त्याचं बुवांना सगळं सांगून झालं होतं. प्रशिक्षकाला खेळ कळत नाही. कोपऱ्यातले गडी साथ देत नाहीत. गुडघा धरतो. दुसऱ्यांना संधी मिळाली, मला मिळाली नाही. बुवांनी ते मान हलवत ऐकलं. हितेशच्या आधी याच मैदानातले तिघे असेच परत आले होते. गाऱ्हाणं शब्दाला शब्द हेच, नावं तेवढी वेगळी.

"मला एक नवी चाल द्या बुवा. एकच. सोमवारपुरती."

बुवांनी डबा खाली ठेवला.

"पहिल्या मोसमात मैदानाबाहेर किती वेळ बसलास रे?"

"बसलोय कुठं?" कितीतरी दिवसांनी हितेशची मान ताठ झाली. "सलग पाच सामने मी बादच झालो नव्हतो."

"अरेरे," बुवा म्हणाले. कुणाच्या घरी मयत झाल्याचं ऐकावं, अशा आवाजात.

…

साडेपाचला गडी जमले. मिठागरावरून आलेले दोघे, बँकेतला एक शिपाई, कॉलेजातली पोरं, आणि सुटलेल्या पोटाचा नरेश रिक्षावाला. बुवांनी दोन संघ पाडले आणि हितेशलाही उतरायला सांगितलं. हितेशला ते जिवावर आलं होतं. इथं जिंकून काय मिळणार, आणि हरलो तर तोंड कुठं लपवू, असं त्याचं झालं होतं. पण बुवांना नाही म्हणायची सोय नव्हती.

पहिली चढाई त्यालाच मिळाली. त्याने कॉलेजातल्या एका पोराच्या खांद्याला बोट लावलं, गर्रकन वळला आणि उडी घेतली. तीच ती उडी.

नरेश जागचा हललाही नाही. त्याने नुसता हात वर केला आणि घोटा धरला. हितेश तोंडावर आपटला.

"ही उडी माझ्या पोरीलापण पाठ हाय, दादा," नरेश त्याला उठवत म्हणाला. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, तेच जास्त लागलं.

बुवांची शिट्टी वाजली. बाद.

कबड्डीत बाद झालेल्याने बाहेर रांगेत बसायचं असतं. आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला, की रांगेतला पहिला जिवंत होतो आणि आत जातो. जो आधी बाद, तो आधी जिवंत. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

हितेश रांगेकडे फिरकला नाही. तो सरळ आपल्या मोटरसायकलपाशी गेला, गुडघ्यावर पाणी ओतलं आणि मोबाइल काढला. त्यात पहिल्या मोसमातली त्याची ती उडी होती. तेव्हा पाय कसा पडत होता आणि आता कसा पडतो, हे तो निरखून बघू लागला. मागे त्याच्या संघाचे आणखी दोघे बाद झाले आणि रांगेत येऊन बसले. मग त्याच्या संघाने एक पकड केली. ओरडा झाला.

"चल दिगू, जिवंत," बुवा म्हणाले.

दिगू म्हणजे मिठागरावरचा एक गडी. तो धोतराचा सोगा खोचत आत गेला. हितेशने मान वर केली.

"बुवा, नंबर माझा होता. आधी मी बाद झालोय."

"नंबर बसलेल्याचा असतो."

पोरं हसली. हितेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षांत पोटात साठलेलं सगळं एका वाक्यात बाहेर पडलं.

"तुम्हीच मला कधी बसवलं नाहीत, बुवा."

…

ते खरं होतं.

जुन्या काळी या खेळात 'अमर' नावाचा एक प्रकार असायचा. त्यात बाद झालेला गडी बाहेर जात नसे. समोरच्याला गुण मिळायचा आणि हा आतच राहायचा. तो प्रकार बंद पडून किती वर्षं झाली. पण हितेश तेरा वर्षांचा असताना बुवांनी तो एकट्या त्याच्यासाठी चालू केला. सरावात बाकीची पोरं बाद झाली, की रांगेत. हितेश बाद झाला, की बुवा हात वर करून म्हणायचे, "तू अमर. खेळ." पोराच्या अंगात वीज आहे, त्याचा वेळ बसण्यात का घालवायचा? शिवाय गावाला तालुक्याचा चषक हवा होता, आणि बुवांनाही हवा होता. चषक आला. पुढं बुवांनी आणखी तिघांना असंच अमर केलं; हितेशच्या आधी परत आले, ते हेच.

बुवांनी शिट्टी तोंडाला लावली होती. ती वाजली नाही.

"खेळा," ते शेवटी नुसत्या तोंडाने म्हणाले.

हितेश तिथंच उभा राहिला. मोटरसायकलला किल्ली लावून निघून जाणं सोपं होतं. त्याने किल्ली लावलीही. पण घरी जाऊन काय करायचं, तर पुन्हा पडून राहायचं. त्याचा त्यालाच कंटाळा आला. तो वळला आणि रांगेत जाऊन बसला. पुढं बँकेतला शिपाई होता. त्याने थोडी जागा करून दिली.

ओली माती चड्डीतून अंगाला लागली. इथून मैदान वेगळंच दिसत होतं. तोंडं दिसत नव्हती, नुसते पाय दिसत होते. दहा वर्षं तो हा खेळ खेळत होता, आणि बसून त्याने तो कधी पाहिलाच नव्हता. लीगमध्ये बाद झाला तरी तो टॉवेल डोक्यावर घेऊन बसायचा.

शिपाई जिवंत होऊन आत गेला. आता रांगेत हितेश एकटा.

त्याच्या संघातून एक काटकुळा पोरगा चढाईला निघाला. तो कोण, कुणाचा, हितेशला माहीत नव्हतं. पोरगा भीत भीत आत शिरला. दम कमी, पायही जड. 'कबड्डी, कबड्डी' असा त्याचा आवाज बारीक होत चालला, आणि हितेशच्या लक्षात आलं, की त्याच्याबरोबर आपणही श्वास रोखून धरलाय. लाव रे हात, तो मनात म्हणाला. एकाला तरी लाव. दुसऱ्या कुणाचं भलं व्हावं, असं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

पोराने हात लांबवला. नरेशने त्याला कमरेत धरून अलगद खाली बसवलं. बाद.

पोरगा अंग झटकत बाहेर आला आणि हितेशच्या मागं टेकला. बराच वेळ धापा टाकत होता.

"चुकलं, दादा," तो म्हणाला. "तुला आत आणायला गेलो होतो. नाय जमला."

तो शेकडो वेळा बाद झाला असेल आणि शेकडो वेळा जिवंत होऊन आत गेला असेल. आपल्याला आत आणायला कुणी गेलेलं असतं, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्याला लाज वाटली. डोळे भरून आले, ते त्याने बाहीला पुसले.

"नाव काय तुझं?" त्याने विचारलं.

"मंगेश. ठाकूरांचा. तीन वर्षं झाली इथं खेळतोय."

…

बुवा मध्यरेषेपाशी उभे होते. चाळीस वर्षं ते तिथंच उभे राहत आले होते. गुडघ्यांमुळे भजनालासुद्धा ते खुर्ची घेत. त्यांना जमिनीवर बसलेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं.

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि नरेशच्या हातात दिली. नरेश बघतच राहिला.

मग ते रांगेपाशी आले. मंगेश उठून जागा द्यायला लागला, तर त्याला दाबून खाली बसवलं. त्याच्या खांद्याचा आधार घेतला, एक गुडघा टेकला, मग दुसरा. हाडं वाजली. हितेश धरायला धावला, त्यालाही हाताने नको म्हणाले. ओल्या मातीत, दोघांच्या मागं, ते एकदाचे बसले.

"बुवा, हे काय?" हितेश म्हणाला. "आणि माझ्या सोमवारचं?"

जोमाबुवांनी धोतरावर आलेली माती झटकली नाही.

"सरका जरा," ते म्हणाले. "माझापण नंबर लावा."