पदराआडचं रिव्हॉल्व्हर

तिखटमीठ माझं असेल, पण गोष्ट सगुणाबाई सुईणीची आहे. घाटात दरोडेखोरांनी दोन बायका मारल्या. बाळंतपणांना त्याच वाटेने जाणाऱ्या सगुणाबाईने संस्थानच्या दिवाणांकडे छोट्या रिव्हॉल्व्हरचा परवाना मागितला.

दिवाण मिशीत हसले. “बाई, लांब नळीची बंदूक घ्या. पदराआडच्या खेळण्याला कोण भिणार?”

“सरकार, खांद्यावर बंदूक दिसली, तर ते मला सोडतील आणि मागच्या बाईला मारतील. रिव्हॉल्व्हर लपलेलंच बरं. एका बाईला पदराआडच्या रिव्हॉल्व्हरचा परवाना दिला, एवढीच दवंडी पिटवा. नाव मात्र सांगू नका.”

दिवाणांचं हसू मावळलं. त्यांनी परवान्यावर सही केली.

दवंडी फिरली, आणि दुसऱ्या दिवसापासून घाटातली प्रत्येक बाई एक हात पदराआड ठेवून चालू लागली.