वेणूताईंची पसंती

कुडाळजवळच्या एका कारखान्यात अंध बायका वेताच्या खुर्च्या विणत. कारखान्याला नवी इमारत मिळणार होती, पण देणगीदारांची अट होती की नकाशा बायकांना विचारूनच करायचा.

आर्किटेक्ट केळुसकर आले, तेव्हा त्या बायकांतल्या वेणूताईंनी त्यांना तीनदा सांगितलं, "साहेब, खोली चौकोनी ठेवा. कोपरा हाताला लागला की आम्हाला दार सापडतं."

साहेब "हो, हो" म्हणत फोनवर बोलत राहिले.

महिन्याने त्यांनी भिंतीवर नकाशा लावला. "गोल दालन! अख्ख्या जिल्ह्यात असं नाही. चला, पसंतीच्या कागदावर अंगठे द्या."

गोल खोलीत जन्मभर दार चाचपडायचं! पण वेणूताईंनी आवाज गोड ठेवला.

"नकाशा पाहिला, साहेब. झकास आहे."

साहेब हसले. "पाहिलात? तुम्ही? तो कसा?"

"तुम्ही आमचं ऐकलंत ना, अगदी तसाच."

बायकांत खसखस पिकली. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी भिंतीवरून नकाशा काढून घेतला.

"चुकलं, ताई. दार कोणत्या कोपऱ्याशी हवं?"

वेणूताईंनी त्यांचा हात धरून भिंतीला लावला. "डोळे मिटा आणि चला माझ्याबरोबर."