गांडुळाचं दार आणि शेवरीचा पाला

एक होतं गांडूळ. इवलंसं, गुलाबी.
पहाटे ते दवात खेळायला बाहेर आलं. सुळुक सुळुक! खेळ खेळ खेळलं. परत घरी गेलं.
तर काय! घराचं दार बंद! माती उन्हानं वाळून झाली होती टणक.
गांडुळानं डोकं आपटलं. टक टक!
"माती, माती, दार उघड! ऊन आलं, मी वाळून जाईन."
माती म्हणाली, "मी नाही उघडत! माझ्या अंगावर पांघरूण नाही. शेवरी मला पाला देईना."

गांडूळ निघालं. सुळुक सुळुक!
बांधावर शेवरीची झाडं. उंच उंच, हिरवीगार.
"शेवरी, शेवरी, पाला दे!
माती दार उघडीना,
मी घरी कसं जाऊ?"
शेवरी म्हणाली, "मी नाही देत! पाला आहे वर, माती आहे खाली. कोयता मला छाटीना."

गांडूळ निघालं. सुळुक सुळुक!
घराच्या कुडाच्या भिंतीला अडकवलेला कोयता. चकचकीत.
"कोयत्या, कोयत्या, शेवरी छाट!
शेवरी पाला देईना,
माती दार उघडीना,
मी घरी कसं जाऊ?"
कोयता म्हणाला, "मी नाही छाटत! मला काय हात आहेत? ठकूमावशी मला उचलीना."

गांडूळ निघालं. सुळुक सुळुक!
शेताची मालकीण ठकूमावशी बसली होती अंगणात. गाल फुगवून.
"मावशी, मावशी, कोयता उचल!
कोयता शेवरी छाटीना,
शेवरी पाला देईना,
माती दार उघडीना,
मी घरी कसं जाऊ?"
"अगो बाई! गांडूळ बोलतंय!" मावशी म्हणाली. "पण मी नाही उचलत! मी छाटते, शेळी खाते. मी छाटते, शेळी खाते! काल तर माझा पदरही चघळलान. बघ, बसलीय शेवरीखाली तोंड उघडून. मेली बाजूला होईना!"

गांडूळ निघालं. सुळु...क. सुळु...क. ऊन वर आलं होतं. अंग सुकत होतं.
"शेळीबाई, शेळीबाई, बाजूला हो!
मावशी कोयता उचलीना,
कोयता शेवरी छाटीना,
शेवरी पाला देईना,
माती दार उघडीना,
मी घरी कसं जाऊ?"
शेळी म्हणाली, "बें! मी नाही होत! माझं करडू झोपलंय. करडू उठेना."

गांडूळ वळलं. सुळु...क.
"करडू, करडू, ऊठ!
शेळी बाजूला होईना,
मावशी कोयता उचलीना,
कोयता शेवरी छाटीना,
शेवरी पाला देईना,
माती दार उघडीना,
मी घरी कसं जाऊ?"
करडू म्हणालं, "घुर्रर्र."
"ऊठ ना रे!"
"घुर्रर्र."

आता काय करायचं?
गांडूळ चढलं करडाच्या नाकावर. इकडून तिकडे. तिकडून इकडे. गुदू गुदू गुदू!
करडाचं नाक हललं. कान हलले. शेपूट हललं.
"आं... आं... आं... आंऽऽक्छी!"
गांडूळ उडालं. सूंऽऽऽ! पडलं थेट आपल्या दारात. धप्प!

करडू उठलं. टुणुक टुणुक पळालं.
"बें! थांब रे बाळा!" शेळी मागे पळाली.
"गेली एकदाची भवानी!" मावशीनं कोयता उचलला.
कोयत्यानं शेवरी छाटली. खच्च! खच्च!
शेवरीनं पाला दिला. सर्र! सर्र!
मावशीनं पाला मातीवर पसरला. वर पाणी शिंपडलं. मूठभर पाला बाजूला ठेवला. "हा शेळीला. नाहीतर ओरडून कान खाईल!"

मातीला मिळालं हिरवं हिरवं पांघरूण.
"हाऽऽश!" माती म्हणाली. भिजली. मऊ झाली. आणि तिनं हळूच दार उघडलं.
"ये रे माझ्या राजा. किती हिंडलास!"
गांडूळ आत शिरलं. सुळुक!

आत गार होतं.
आत ओलं होतं.
आत घर होतं.

वर पाला, खाली माती, मधे गांडूळ गाढ झोपलं. श्श! आता आपणही हळू बोलू.