मास्कचा पक्का पुरावा

वादात मला हरवणारं माणूस आमच्या अख्ख्या तालुक्यात नाही. अर्थात आमची ही, शाळेतल्या बाई आणि दवाखान्यातल्या सिस्टर सोडून बोलतोय.

परवा मला पणती झाली. वजन जेमतेम दोन किलो. माझ्याच जुन्या धोतराचं मऊ झबलं घेऊन, वाहतं नाक पुसत मी तिला बघायला दवाखान्यात गेलो. दारातच भिंगारदिवे सिस्टरांनी अडवलं. "नाना, मास्क लावा, मगच आत."

मी सातवी नापास, पण पेपर रोज वाचतो. बाकड्यावरच्या मंडळींना ऐकू जाईल असा आवाज चढवला. "मास्क लावला की माझ्या चष्म्यावर वाफ धरते. म्हणजे हवा बाहेर येतेच ना? मग जंतू काय आत पाहुणा म्हणून थांबतो? अहो, शास्त्रज्ञांचंच यावर भांडण चाललंय! एक म्हणतो उपयोग होतो, दुसरा म्हणतो पुरावा कच्चा. तुम्ही पक्का पुरावा दाखवा, मी दोन मास्क लावतो!"

सगळं बाकडं हसलं. मी विजयी वीरासारखं झबलं हवेत फिरवलं आणि त्याच झबल्यात दोनदा शिंकलो.

सिस्टरांनी झबलं चिमटीत धरून धुवायच्या बादलीत टाकलं.

"भांडण चाललंय खरं, नाना. पक्का पुरावा हवा तर निम्मी बाळं मास्कवाल्यांच्या मांडीवर द्यायची, निम्मी बिनमास्कवाल्यांच्या, आणि कुठली आजारी पडतात ते बघत बसायचं. बिनमास्कच्या यादीत पहिली तुमचीच पणती लिहू का?"