भित्र्या पिलांची दुसरी आई

मुंगीच्या देहातही जो चैतन्यरूपाने नांदतो, त्या नारायणाला प्रथम वंदन.

एका नगरात मेंदूचा अभ्यास करणाऱ्या एक विदुषी राहत. नाव डॉ. मंदाकिनी सरपोतदार. भय हे जनुकांतून, म्हणजे देहाच्या बीजातूनच येते, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या प्रयोगशाळेत उंदरांचे दोन वंश होते. एक भित्रा, पावलाच्या आवाजानेही कोपऱ्यात दडणारा. दुसरा शांत आणि धीट. आपले मत सिद्ध व्हावे म्हणून बाईंनी भित्र्या वंशाची नवजात पिले धीट आईच्या कुशीत ठेवविली. कूस बदलली तरी पिले भित्रीच निघतील, अशी त्यांची खात्री होती.

पिले मोठी झाली आणि मोकळ्या पेटीत निर्धास्त हिंडू लागली.

बाईंना नवल वाटायला हवे होते. त्यांना संशय आला. कोणीतरी पिले बदलली असावीत. पिंजऱ्यांच्या खोलीची किल्ली भिवाजी खरमाळे या सेवकाजवळ असे. अकरा वर्षे तो उंदरांची निगा राखत होता. त्याच्या बापाने एकदा देवळातली समई चोरून शिक्षा भोगली होती, हे बाईंनी कधीतरी ऐकले होते. आता ते त्यांना पदोपदी आठवू लागले. भिवाजी पिंजऱ्यापाशी काही पुटपुटे आणि बाई आल्या की गप्प होई. वास्तविक तो नामस्मरण करी आणि शिकलेल्या माणसांसमोर संकोचे. पण संशयाला कोणतीही गोष्ट साक्षीला चालते. बाईंनी उंबऱ्याशी पीठ पसरून पाहिले. पावले भिवाजीचीच उमटली. खोली झाडायला तोच जात असे, मग दुसऱ्या कोणाची उमटणार?

बाईंनी संस्थेच्या सभेत तक्रार वाचून दाखविली. पुरावा आणा, मग निर्णय देऊ, असे संचालक म्हणाले. तक्रार खरी ठरली तर भिवाजीची नोकरी जाणार होती, आणि बापाचाच लेक, हा शिक्का जन्मभराचा बसणार होता.

बाईंनी नवे कुलूप लावले. भिवाजीला खोलीबाहेर बसविले. भित्र्या वंशाची नवी नवजात पिले स्वतःच्या हातांनी धीट मादीपुढे ठेवली. मादीने ती दूर लोटली. दोन पिले गार पडली. नाइलाजाने बाई दारापाशी आल्या.

भिवाजी म्हणाला, "आधी तिच्या घरट्यातला भुसा हाताला चोळा, बाई, मग पिलांना. परका वास आला की ती जवळ घेत नाही."

"हे मला का सांगताय?"

"नाहीतर उरलेलीही मरतील."

बाईंना यातही डाव दिसला. पण दुसरा उपाय नव्हता. त्यांनी तसे केले, आणि मादी पिलांना दिवसभर चाटू लागली.

आठ आठवड्यांनी तीही पिले निर्भय निघाली. बाईंनी बीज तपासले. ते भित्र्या वंशाचेच होते, एक अक्षरही बदललेले नव्हते. मात्र भयाला आवर घालणाऱ्या एका जनुकावरच्या सूक्ष्म रासायनिक खुणा बदलल्या होत्या. त्या आईच्या मायेने निजलेले बीज जागे झाले होते.

बाई तक्रारीचा कागद घेऊन भिवाजीकडे गेल्या आणि त्यांनी सारे सांगितले.

तो म्हणाला, "उंदरांना तुम्ही दुसरी आई देऊन पाहिलीत. मला मात्र बापाच्याच पिंजऱ्यात ठेवलंत."

बाईंची मान खाली गेली. कागद आत्ताच फाडते, असे त्या म्हणाल्या.

"फाडू नका. फाडलेल्या कागदाची कुजबुज होते. त्याच्याखाली खरं काय ते लिहा, आणि जिथं आधी वाचलंत तिथंच वाचा."

दुसऱ्या दिवशी भरल्या सभेत बाईंनी आधी आपली तक्रार वाचली. मग खालची ओळ वाचली: "पिले कोणीही बदलली नव्हती. भिवाजींवर मी त्यांच्या बापामुळे संशय घेतला. दोष माझा आहे." त्यांनी एकही शब्द गाळला नाही.

तात्पर्य: कूळ जन्माने मिळते, स्वभाव मायेने आणि करणीने घडतो. म्हणून बापाच्या दोषावरून लेकाला दोषी धरू नये, आणि चारचौघांत घेतलेला संशय चारचौघांतच मागे घ्यावा.

ही कथा ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी लेकरांना मायेची कूस लाभो, थोरांना चूक कबूल करण्याचे बळ मिळो, आणि भगवंत सर्वांना सुखात ठेवो.