ढगदांडावर वाट कायम थोडीच का उरते

बसा या कातळावर, दम खा जरा. पाणी प्या, पण पोटभर नको, चढताना डचमळतं. खालपासून इथवर भेटलेल्या प्रत्येकाला तुम्ही विचारलंत, "अजून किती?" आणि प्रत्येकानं सांगितलं, "हे काय, आलंच की!" म्हणून आता माझ्याकडे चोर सापडल्यासारखं बघताय. पण आमच्या या डोंगरावर, ढगदांडावर, तसा रिवाजच आहे. इथे वर चढणाऱ्याला वाट कुणी खरी सांगत नाही. सांगितलीच, तर ऐकणाऱ्याला पाठीवर घेऊन माथ्यावर न्यायचं, असा गावाचा दंड आहे. त्या लाल टोपीवाल्या वजनदार साहेबांकडे बघून तर मी आज खरं बोलायचा नाही.

फार पूर्वी असं नव्हतं म्हणे. ज्या कड्यावर तुम्ही फोटो काढायला निघालात, तिथेच रानजाईचं देऊळ आहे. तेव्हा तिचा गुरव होता लुमा. माणूस खरं बोलणारा, आणि नको तितकं खरं बोलणारा. भाजी कशी झाली असं बायकोनं विचारलं, तर सांगायचा. त्याला कारणही होतं. रानजाई कौल देते. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओलं फूल चिकटवायचं आणि विचारायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. गुरव एकदा जरी खोटं बोलला तर देवी मुकी होते, असं लुमाला त्याच्या बापानं बजावलं होतं.

लुमा पाण्यासाठी या खालच्या झऱ्यावर यायचा. वाटेत लोक विचारायचे, अजून किती? लुमा घागर खाली ठेवून सगळं नीट सांगायचा. आधी घसाऱ्याचा चढ, मग कारवीचं रान, मग खिंड, आणि जो माथा वाटतो तो माथा नव्हे, खरा त्याच्या मागे आहे. लोक मान डोलवायचे, इथूनच देवीला हात जोडायचे आणि माघारी फिरायचे. देवळात चिटपाखरू फिरकत नव्हतं. लुमाची बायको म्हणायची, "बोला अजून खरं, आन् मारा देवीला उपाशी."

त्याच काळात खाली तळवाडीत चिमाबाई राहायची. अंगानं भरलेली, तोंडानं त्याहून भरलेली. मागे तिचा नवरा तापानं अंथरुणाला खिळला, तेव्हा ती नवस बोलली होती, की म्हातारं उठू दे, मी माझ्या पायांनी वर येऊन तुझी ओटी भरीन. म्हातारं उठलं, भाकरी मागायला लागलं. बाई नवस विसरली नव्हती, पण डोंगराकडे नजर गेली की गुडघेच आधी बोलायचे. आज-उद्या करता वर्षं सरली आणि ऐन नवरात्रात म्हातारं पुन्हा आडवं झालं. भगत म्हणाला, "अष्टमीचा दिस मावळायच्या आत नवस फेड. न्हाईतर माझ्या हाती काय न्हाई."

चिमाबाई निघाली. नवऱ्याला, डोंगराला आणि स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या देत इथवर आली आणि याच कातळावर बसली, असं सांगतात. तेवढ्यात लुमा घागर भरून आला.

"अरं गुरवा, आजून किती ऱ्हायलं?"

लुमानं घागर ठेवली आणि सवयीनं सांगायला लागला. त्याचं सांगणं खिंडीपर्यंत पोचतंय तोच बाईनं ओटीचं गाठोडं पोटाशी धरून हंबरडा फोडला. "जात न्हाई रं माझ्याच्यानं! आन् त्यो गेला तर म्या भांडू कुनाशी?"

लुमाचं काळीज हललं. पाठीवर घ्यावं तर नवस पायांचा. खरं बोलावं तर म्हातारं जातं, खोटं बोलावं तर देवी मुकी होते. शेवटी त्यानं डोळे मिटले आणि जन्मातलं पहिलं खोटं बोलला. "पर काकी, हे काय, आलंच की. त्या हिरड्याच्या मागंच." आवाज असा कापला की शेळीलाही शंका आली असती. पण थकलेल्या माणसाला पटायला फार काही लागत नाही. बाई उठली.

हिरड्यामागे देऊळ नव्हतं. मग लुमानं पुढचा दगड दाखवला. तिथेही नव्हतं. हळूहळू त्याची जीभ सैल झाली. खिंडीत तर म्हणाला, "ढोल वाजतोय, ऐकू येतोय न्हवं?"

"मला न्हाई येत."

"वारं उलटं हाय, काकी."

उन्हं कलली आणि बाई खरंच माथ्यावर पोचली. कड्यावरून तिला आपलं घर दिसलं, शेणीएवढं. आत म्हातारं एकटं होतं. तिनं घाईघाईनं ओटी भरली. लुमानं फुलं चिकटवली आणि विचारलं, "आई, नवस पावला का?"

फूल हललं नाही. दुसऱ्यांदा विचारलं, तरी नाही. लुमानं देवीपुढे लोटांगण घातलं. "आई, हिचा राग धरू नको. खोटं मी बोललो. खालपास्नं इथवर समदं खोटंच बोललो."

"म्हंजे त्यो ढोल बी?" चिमाबाई गरजली. कड्यातली पाकोळी पाखरं भर्रकन उडाली म्हणे, आणि उजव्या खांद्यावरचं फूल टपकन खाली पडलं.

ते देवीनं पाडलं की बाईच्या आवाजानं, यावरून आमच्या वाडीत अजून भांडणं होतात. मी देवीच्या बाजूचा. कारण त्याच वेळी खाली म्हातारं उठून बसलं आणि "ही कुठं उलथली?" म्हणून ओरडलं, असं शेजाऱ्यांनी ऐकलं होतं.

बाईला सोडायला लुमा खाली निघाला. ती त्याच्याशी अवाक्षर बोलेना. खोटारडा तो खोटारडाच, असं तिच्या पाठीवरूनही कळत होतं. खिंडीखाली एक तरणी बाई ओटी घेऊन वाटेतच बसलेली, घामानं निथळत. तिनं विचारलं, "मावशे, आजून किती गं?"

चिमाबाईनं त्या पोरीकडे पाहिलं, वर चढाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे काय बाई, आलंच की! हितनं पुढं समदी सपाटीच हाय."

एवढं मोठं खोटं लुमालाही सुचलं नव्हतं.

आजही ढगदांडावर हेच चालतं. तुमच्यासारखे पाहुणे चढताना आम्हाला खोटारडे म्हणतात. संध्याकाळी उतरताना तेच पाहुणे चढणाऱ्यांना छातीठोकपणे सांगतात, "आलंच की!" आजवर एकालाही मला ते शिकवावं लागलेलं नाही.